तेरा भावंडांचं घर: अमेरिकेच्या दक्षिणेतल्या शेतकरी घराण्याची वंशावळ शोधायची तर

माझ्या सुनेच्या आजीकडे एक जाडजूड बायबल आहे. जुना करार संपून नवा सुरू होतो त्या मधल्या पानांवर तेरा मुलांची नावं आणि जन्मतारखा आहेत. पहिली १८२२ची, शेवटची १८४६ची. त्यातल्या दोन मुलींचं नाव एकच, कारण पहिली अडीच वर्षांची होऊन गेली आणि पुढे झालेल्या मुलीला तेच नाव ठेवलं. घर पश्चिम जॉर्जियातलं, कापूस आणि मका पिकवणारं. नातू झाल्यावर त्याची दोन्हीकडची वंशावळ लिहून ठेवायची म्हणून मी आमच्या कुलवृत्तांताशेजारी हे बायबल उघडलं आणि पुढची सहा वर्षं त्यातच गेली.

अटलांटा, शार्लट, रॅले, ह्यूस्टन या भागांत आता बरीच मराठी घरं आहेत आणि त्यातल्या काहींच्या सुना-जावई इथल्या जुन्या शेतकरी घराण्यांतले आहेत. नातवंडांसाठी हे काम करायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी एक गोष्ट पक्की करा. नाशिक-त्र्यंबकच्या उपाध्यायांच्या वह्यांसारखं, सगळं घराणं एका जागी लिहिलेलं इथे बहुधा मिळत नाही. १९व्या शतकातला जन्मदाखलाही बहुतेक ठिकाणी मिळणार नाही. राज्यभर जन्ममृत्यूची नोंद अलाबामात १९०८ला, उत्तर कॅरोलायनात १९१३ला, दक्षिण कॅरोलायनात १९१५ला आणि जॉर्जियात १९१९ला सुरू झाली. दक्षिण कॅरोलायनात तर १९११पर्यंत लग्नाचा परवानाही लागत नसे. त्यामुळे माणूस शोधायचा तो जमिनीच्या, कर्जाच्या, वाटणीच्या कागदांत. आणि तो फार वेळा स्वतःच्या कागदात नसतोच. मेव्हण्याच्या, शेजाऱ्याच्या, सासऱ्याच्या कागदात साक्षीदार म्हणून उभा असतो. फक्त सरळ रेषेत बाप, आजा, पणजा करत वर चढणारे दोन-तीन पिढ्यांत अडकतात. सगळी वस्ती वाचणाऱ्याला वाट सापडते.

सुरुवात घरातून

बायबल, पत्रं, फोटोंच्या मागची अक्षरं, अंत्यविधीची छापील पत्रकं, सगळ्याचे फोटो काढा. बायबलचं मुखपृष्ठाआतलं पान विसरू नका. बायबल १८७१ साली छापलेलं असेल आणि त्यात १८२२पासूनच्या तारखा एकाच शाईत, एकाच हाताने लिहिलेल्या असतील, तर त्या नंतर कुणीतरी आठवून किंवा दुसरीकडून उतरवून घेतल्या आहेत. खोट्या नव्हेत, पण त्यांचं वजन कमी. शाई आणि अक्षर दर जन्मागणिक बदलत असेल तर ती नोंद त्या-त्या वेळची.

मग माणसं. इथल्या खेड्यांत म्हाताऱ्या बाईंना नुसत्या नावाने हाक मारत नाहीत; नावाआधी 'मिस' लावतात, लग्न झालेलं असलं तरी. उत्तर देताना 'येस मॅम' म्हणायचं. हे पाळलं की दारं उघडतात. भेटायची उत्तम वेळ म्हणजे उन्हाळ्यातलं कुटुंबाचं रियुनियन, किंवा वसंतातला डेकोरेशन डे. त्या दिवशी गावचर्चच्या आवारातली थडगी साफ करून फुलं वाहतात आणि तिथेच झाडाखाली सगळ्यांचं जेवण होतं. मला पहिल्याच वर्षी तिथे एका वृद्ध बाईंनी दगडांवर हात ठेवत ठेवत कोण कुणाची जाऊ, कोण कुणाची नणंद ते सांगितलं. ती माहिती आजवर एकाही कागदाने खोटी ठरवलेली नाही.

जनगणना, उलट्या क्रमाने

दर दहा वर्षांनी होणारी जनगणना हा कणा. ७२ वर्षं झाल्याशिवाय ती खुली होत नाही, म्हणून आज १९५०पर्यंतची पाहता येते. तिथून मागे यायचं, एकही पायरी न सोडता. फॅमिलीसर्च हे संकेतस्थळ त्यासाठी मोफत आहे, फक्त खातं उघडावं लागतं.

प्रत्येक जनगणनेचा स्वभाव वेगळा आहे. १९००च्या नोंदीत जन्माचा महिना आणि वर्ष मिळतं, आणि आईला किती मुलं झाली, त्यातली किती हयात आहेत हे आकडे मिळतात. 'अकरा झाली, सात हयात' असं दिसलं की चार मुलं शोधायची राहिली आहेत हे कळतं. १८९०ची जवळजवळ सगळी गेली. जानेवारी १९२१मध्ये वॉशिंग्टनच्या सरकारी इमारतीत आग लागली त्यात ती जळाली-भिजली. म्हणजे वीस वर्षांची दरी, आणि तेवढ्यात मुली लग्न होऊन आडनाव बदलून गेलेल्या. ती दरी लग्नाच्या नोंदवह्यांनी आणि कराच्या याद्यांनी भरावी लागते. १८८०मध्ये पहिल्यांदा कुटुंबप्रमुखाशी नातं लिहिलं, आईवडिलांचा जन्म कुठल्या राज्यात झाला तेही विचारलं.

त्याआधीच्या १८५०, ६० आणि ७०मध्ये नातं लिहिलेलंच नाही. इथे नवखा माणूस हमखास चुकतो. घरात सात मुलं दिसली की सातही त्या जोडप्याची धरतो. त्यात पुतण्या, सावत्र मुलगा, बायकोची धाकटी बहीण असू शकते. आणि १८५०च्या आधी तर फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असतं, बाकीची माणसं वयोगटांच्या रकान्यांत नुसते आकडे. तरी ते आकडे टाकाऊ नाहीत. १८३०मध्ये 'पाच वर्षांखालचे मुलगे दोन' लिहिलं असेल तर बायबलमधल्या तारखा त्याच्याशी ताडून पाहा.

वयावर फार विसंबू नका. दहा वर्षांत माणूस सात वर्षांनी मोठा झालेला मी पाहिला आहे. आणि आपलं घर सापडलं की थांबू नका. मागची चार पानं आणि पुढची चार पानं पूर्ण उतरवून घ्या. सासुरवाडी बहुतेक वेळा त्याच पानांत असते. १८५० ते १८८०च्या शेतीच्या वेगळ्या तक्त्यांत किती बुशेल (धान्याचं माप) मका, किती गाठी कापूस, किती डुकरं हेही मिळतं. आणि मृत्यूच्या तक्त्यांत जनगणनेआधीच्या बारा महिन्यांत गेलेल्यांची नावं व कारणं. बायबलमधली एक मुलगी मला तिथे सापडली.

काउंटी कुठली, हे आधी ठरवा

दक्षिणेत कागद सांभाळते ती काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा राज्यातला विभाग. आणि काउंट्यांच्या हद्दी सतत बदलल्या. जॉर्जियात आज १५९ आहेत. अल्फारेटात राहणाऱ्या मराठी मंडळींना जवळचं उदाहरण देते. त्यांचं गाव आज फुल्टन काउंटीत आहे. पण १९३२पूर्वी ते मिल्टन काउंटीचं मुख्य ठिकाण होतं. आणि मिल्टन स्वतः १८५७मध्ये चेरोकी, कॉब आणि फोर्साइथ या काउंट्यांचे तुकडे जोडून झाली. म्हणजे एकाच घरात जन्मून मेलेल्या माणसाचे कागद तीन काउंट्यांच्या नावाने असू शकतात, आणि तो एकदाही हललेला नसतो. तेव्हा दर दशकाचा काउंट्यांचा नकाशा समोर ठेवून मगच शोध सुरू करा.

'कोर्टहाऊस जळालं' हे वाक्य तुम्हाला वारंवार ऐकू येईल. ऐका, पण हताश होऊ नका. आगीनंतर लोकांनी आपापली खरेदीखतं पुन्हा आणून नोंदवली, कारण जमीन कुणालाच गमवायची नव्हती. शिवाय राज्याकडे गेलेल्या कराच्या प्रती वेगळ्या असतात.

वारसाचे कागद: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

मोठ्या घराण्याचं खरं चित्र कर्ता माणूस गेल्यावर उमटतं. मृत्युपत्र असेल तर उत्तमच, पण नसेल तर आणखी उत्तम, कारण मग कोर्टाला सगळं स्वतः करावं लागतं. जॉर्जियात हे काम 'कोर्ट ऑफ ऑर्डिनरी'कडे असे. कोर्ट प्रशासक नेमी, शेजारचे पंच येऊन नांगर, गाई, खाटा, चुलीवरची भांडी, सगळ्याची किंमत लावत, मग लिलाव. लिलावाची यादी ओळ न ओळ वाचा. कुणी काय घेतलं ते तिथे असतं. स्वतःचाच चरखा आणि स्वतःचंच अंथरूण विधवा पैसे मोजून परत घेते, हे वाचताना हात थांबतो. खरेदीदारांत निम्मे जावई आणि मेव्हणे असतात.

मुलं अज्ञान असतील तर पालक नेमला जाई. कागदात त्या मुलांना 'ऑर्फन' म्हटलेलं असतं, पण त्याचा अर्थ वडील नाहीत एवढाच. आई घरात हयात असते. आपल्या सातबाऱ्यावरच्या 'अ.पा.क.'सारखंच (अज्ञान पालक कर्ता) हे. पालकाला दरवर्षी हिशेब द्यावा लागे: बुटांचे पैसे, शाळेची फी, पुस्तकं. एखाद्या वर्षी मुलीचा हिस्सा तिच्या नवऱ्याला दिल्याची नोंद येते, आणि लग्नाचा दाखला नसतानाही जावयाचं नाव आणि लग्नाचं साधारण वर्ष हाती लागतं.

याच याद्यांत, गाई आणि नांगरांच्या मध्ये, माणसं आहेत.

नाव, अंदाजे वय, डॉलरमध्ये किंमत. मृत्युपत्रात एखादी स्त्री मुलीला दिलेली असते 'आणि तिची पुढची वाढ', म्हणजे तिला होणारी मुलंही. कायद्याने मूल आईच्या मागे गुलामीत जात असे. लहान शेतकऱ्यांकडेही दोन, चार, सहा माणसं गुलाम म्हणून असत. 'आमचे फक्त गरीब शेतकरी होते' हे घरात ऐकलं तरी १८५० आणि १८६०ची गुलामांची वेगळी जनगणना उघडून पाहाच. तिथे मालकाचं नाव आहे, गुलाम केलेल्या माणसांचं मात्र फक्त वय, लिंग आणि वर्ण.

आणि म्हणून मृत्युपत्रं, पंचांच्या याद्या, लिलाव यांतली ही नावं इतकी मोलाची आहेत. आपले पूर्वज शोधणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबांची वाट १८७०ला येऊन थांबते, कारण त्या जनगणनेत त्यांच्यातल्या बहुतेकांची नावं पहिल्यांदा आली. त्याआधीचा दुवा बहुधा गोऱ्या घराण्याच्या कागदांतच असतो. तुम्ही ते कागद वाचत असाल तर ही नावं उतरवून घेणं हे तुमचंच काम आहे. मी वहीत त्यांच्यासाठी वेगळं पान केलं नाही, त्याच पानावर लिहिलं. ती त्याच अंगणात राहत होती. सुनेच्या घरात काहींना हे आवडलं नाही. मी नम्रपणे सांगितलं की अर्धं पान उतरवून देणं मला जमणार नाही. ते बायबल आजही मला उघडून दाखवतात.

पुढचा माग असा काढायचा: मुक्तीनंतरचे १८६५ ते १८७२चे फ्रीडमेन्स ब्यूरोचे, म्हणजे मुक्त झालेल्या गुलामांसाठी काढलेल्या सरकारी खात्याचे, करार आणि शिधावाटपाच्या नोंदी, १८६५ ते १८७४ चाललेल्या फ्रीडमेन्स सेव्हिंग्ज बँकेच्या खातेवह्या, ज्यांत खातेदाराने आईवडील, भावंडं, विकून दूर नेलेली मुलं यांची नावं सांगितलेली असतात, १८६७च्या मतदारयाद्या. एक सावधगिरी: मुक्त झालेल्या माणसाने शेवटच्या मालकाचं आडनाव घेतलंच असेल असं नाही. कित्येकांनी त्याआधीच्या मालकाचं, बापाचं किंवा स्वतः निवडलेलं आडनाव लावलं. आडनाव जुळलं म्हणून नातं जोडू नका, जुळलं नाही म्हणून तोडूही नका.

जमीन

जॉर्जिया, दोन्ही कॅरोलायना, व्हर्जिनिया, टेनेसी, केंटकी आणि टेक्सास इथली जमीन राज्यांनी वाटली. अलाबामा, मिसिसिपी, लुईझियाना, आर्कान्सा, फ्लोरिडा इथली केंद्राने. त्यांची पहिली मालकीपत्रं केंद्राच्या भूमी खात्याच्या संकेतस्थळावर मोफत दिसतात. जुन्या राज्यांतल्या खतांत आपल्यासारखीच चतुःसीमा असते: ओढ्याकाठच्या पांढऱ्या ओकपासून अमुक अंतर, मग शेजाऱ्याच्या हद्दीपर्यंत. शेजाऱ्यांची नावं त्यात आपोआप मिळतात.

जॉर्जियाने १८०५ ते १८३३ दरम्यान आठ लॉटऱ्या काढून जमीन वाटली. पश्चिम भाग १८२७च्या लॉटरीत गेला, २०२.५ एकरांचा एकेक लॉट. विधवा आणि अनाथ मुलांना वेगळा हक्क होता, त्यामुळे लॉटरीच्या यादीतली 'अमुकची विधवा' ही नोंद एखाद्याच्या मृत्यूचा सगळ्यात जुना पुरावा ठरते. पण जिंकणारा तिथे राहायला गेलाच असं धरू नका. अनेकांनी लॉट न पाहताच विकला. आणि ही जमीन रिकामी नव्हती. पश्चिमेकडची क्रीक लोकांकडून घेतली, उत्तरेची चेरोकींकडून. १८३८मध्ये चेरोकींना बळाने पश्चिमेला हाकललं आणि त्या वाटेवर हजारो मेले. 'आमची पणजी चेरोकी राजकन्या होती' अशी गोष्ट दक्षिणेतल्या असंख्य घरांत सांगतात. चेरोकींमध्ये राजकन्या नव्हत्या. गोष्ट वहीत लिहा, पण गोष्ट म्हणून लिहा.

खरेदीखतांत मला सर्वांत उपयोगी पडलं ते वारसांचं खत. आईबाप गेल्यावर सगळी भावंडं आपापला हिस्सा एका भावाला देतात, आपल्याकडच्या हक्कसोडपत्रासारखं. त्यात मुली नवऱ्यांसह येतात आणि प्रत्येकाचं त्या वेळचं राज्य आणि काउंटी लिहिलेली असते. सूचीत मात्र पहिलंच नाव असतं आणि पुढे 'व इतर'. ते 'व इतर' दिसलं की पान उघडायचंच. बायबलमधली ती दुसरी मुलगी, बहिणीचं नाव घेऊन वाढलेली, मला जॉर्जियात कुठेच सापडत नव्हती. वारसांच्या खतात तिची सही टेक्सासहून आली होती. सही म्हणजे फुली, शेजारी कारकुनाने लिहिलेलं नाव.

टेक्सासचं नवल नको. व्हर्जिनिया ते कॅरोलायना, तिथून जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी आणि मग टेक्सास ही कापसाच्या मागे सरकणाऱ्या कुटुंबांची ठरलेली वाट होती. जमीन थकली की पुढे. एकटं कुणी जात नसे, अर्धं चर्च बरोबर जाई. तुमचा माणूस हरवला तर त्याच्या शेजाऱ्यांना पुढच्या राज्यात शोधा.

आता एक मोठी सोय झाली आहे. फॅमिलीसर्चवर हस्तलिखित खतं आणि वारसाचे कागद यंत्राने वाचून त्यांतला मजकूर शोधता येतो. सूचीत नसलेला साक्षीदारसुद्धा सापडतो. शब्द चुकीचा वाचलेला असतो, म्हणून मूळ पान पाहिल्याशिवाय काही उतरवू नका.

युद्ध, चर्च, थडगी

१८६१ ते ६५च्या यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने लढलेल्या, म्हणजे कॉन्फेडरेट, सैनिकांना पेन्शन केंद्राने नाही, राज्यांनी दिली. त्यामुळे सैनिक लढला कुठून ते नव्हे, म्हातारपणी राहत कुठे होता ते पाहा. विधवेच्या अर्जात लग्नाची तारीख आणि जागा असते. केंद्राच्या बाजूने लढलेले दक्षिणी लोकही होते, विशेषतः पूर्व टेनेसीतले, आणि कृष्णवर्णीय पलटणींतले हजारो. त्यांच्या पेन्शनच्या जाडजूड फायली वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. केंद्राच्या सैन्याने नेलेल्या मालाची भरपाई केंद्राशी एकनिष्ठ राहिलेल्या दक्षिणी लोकांना देण्यासाठी सदर्न क्लेम्स कमिशन नेमलं होतं; त्याच्यापुढे १८७१नंतर २२ हजारांहून जास्त दावे आले. त्यांत शेजारी आणि पूर्वी गुलाम असलेली माणसं यांच्या साक्षी आहेत, त्यांच्याच शब्दांत.

बॅप्टिस्ट लोक तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा करत नाहीत, म्हणून तिथे जन्माची नोंद शोधू नका. सभेची इतिवृत्तं पाहा. कोण आलं, कोण 'पत्र घेऊन', म्हणजे सदस्यत्वाचं पत्र घेऊन, दुसऱ्या गावी गेलं ते मिळतं. थडग्यावर 'कॉन्सॉर्ट' असेल तर नवरा मागे उरला होता, 'रेलिक्ट' असेल तर ती विधवा होती. शेतातली खासगी दफनभूमी शोधताना सीडरची जुनी झाडं आणि उभे केलेले बिनअक्षरी दगड पाहा, आणि जमिनीच्या मालकाला विचारल्याशिवाय आत जाऊ नका.

एकाच नावाची पाच माणसं

तेरा मुलं, त्यांतली नऊ संसारी, आणि प्रत्येकाने पहिल्या मुलाला आजोबांचं नाव दिलेलं. एका काउंटीत एकाच नावाचे पाच चुलतभाऊ. मी आठ महिने चुकीच्या माणसाच्या मागे होते. त्याची बायको वेगळी आहे हे खतावरच्या तिच्या सहीने दाखवलं. तेव्हापासून प्रत्येक माणसाची ओळख मी बायको, ओढा आणि शेजारी या तीन गोष्टींनी पक्की करते. कागदातल्या 'सीनियर' आणि 'ज्युनियर'वर जाऊ नका. ते काका-पुतणेही असतात, गावात दोघांना वेगळं ओळखण्यापुरतं लावलेलं.

मधलं नाव मात्र बघाच. आपल्याकडे मधे बापाचं नाव येतं, इथे बऱ्याचदा आईच्या माहेरचं आडनाव. विचित्र मधलं नाव दिसलं की त्या आडनावाचं घर शेजारच्या पानांत शोधा. उलट जॉर्ज वॉशिंग्टन, अँड्र्यू जॅक्सन, फ्रान्सिस मॅरियन ही नावं नुसत्या आदराने ठेवलेली. घरगुती नावंही शिकून घ्या: पॉली म्हणजे मेरी, सॅली म्हणजे सारा, पॅट्सी म्हणजे मार्था, पेगी म्हणजे मार्गारेट.

दोन भावांना दोन सख्ख्या बहिणी, किंवा चक्क साटंलोटं, हे फार चाले. डीएनए चाचणी करताना ते लक्षात ठेवा, कारण अशा घरांतली चुलत-मावस भावंडं दोन वाटांनी नातेवाईक असतात आणि सेंटिमॉर्गनचा (जुळणारा डीएनए मोजायच्या एककाचा) आकडा नातं आहे त्याहून जवळचं दाखवतो. उलट खापरपणजोबांच्या वडिलांपाशी एकत्र येणाऱ्या भावंडांपैकी जवळपास निम्म्यांत काहीच जुळत नाही, आणि तरी नातं खरं असतं. चाचणी घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाची करा, तीही निकालात अनपेक्षित काय निघू शकतं हे आधी समजावून.

दुसऱ्यांनी संकेतस्थळांवर टाकलेल्या तयार वंशावळी खुणा म्हणून वापरा, पुरावा म्हणून नको. प्रत्येक नावासमोर कागद कुठला, कुठल्या वहीचं कितवं पान, ते त्याच दिवशी लिहा. हयात माणसांच्या तारखा बाहेर देऊ नका. काम एका टप्प्याला आलं की एक छापील प्रत काउंटीच्या वाचनालयात द्या. बऱ्याच ठिकाणी वंशावळींसाठी वेगळी खोली असते.

त्या प्रतीला शेवटी नावांची सूची जोडा. पंचांच्या यादीतली, आडनाव नसलेली माणसंही त्या सूचीत स्वतःच्या नावाखाली असू द्या, पुढे वय, वर्ष, काउंटी आणि कुणाच्या अंगणात होती ते. माझ्या सूचीत अशी एकतीस नावं आहेत. दोन वर्षांपूर्वी शिकागोहून एका बाईंचं पत्र आलं. त्यांनी त्यातलं एक नाव, वय आणि आईचं नाव आपल्या घरच्या कागदाशी जुळवलं होतं.